पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी साचतंय? पेव्हर उचलण्याआधी लेव्हल घ्या

पहाटे साडेतीनला इंटरकॉम वाजला. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, लवकर खाली या, पाणी लिफ्टच्या उंबऱ्याला लागलंय." खाली आलो तर स्कूटरचे सायलेन्सर बुडालेले, दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि गुलमोहराच्या पाकळ्या गाड्यांच्या चाकांभोवती फिरत होत्या. नीट बघितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मधल्या जाळीतून पाणी खाली जात नव्हतं, वर येत होतं.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या उताराखाली आहे. दोन इमारती, खाली स्टिल्ट पार्किंग, बाकी मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि मागे थोडी बाग. त्या पहाटेआधी तीन पावसाळे आम्ही तीन दुरुस्त्या केल्या होत्या. पहिल्या वर्षी कोपऱ्यातले दबलेले पेव्हर उचलून खाली ग्रिट भरलं, तर पाणी शेजारच्या गाडीच्या जागेत जाऊन बसलं. दुसऱ्या वर्षी आणखी एक जाळी बसवली. तिसऱ्या वर्षी ११० मिमीचा पाइप काढून १६० मिमीचा टाकला, आणि सगळ्यांना वाटलं की आता मिटलं. चौथ्या वर्षी ही पहाट उजाडली.

मी बांधकामाच्या साइटवर सव्वीस वर्षं काढली आहेत. तेव्हा कमिटीने माझ्याकडे काम दिलं. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हीच तक्रार मी कितीतरी सोसायट्यांमध्ये ऐकतो आणि जवळजवळ सगळीकडे त्याच तीन दुरुस्त्या त्याच क्रमाने केलेल्या असतात.

आधी पावसात उभं राहा

पाऊस थांबल्यावर डबकं बघून कारण कळत नाही. छत्री घ्या, टॉर्च घ्या आणि जोराचा पाऊस चालू असताना तासभर पार्किंगमध्ये उभं राहा. पाणी कुठून येतं, किती वेळात चढतं, पाऊस थांबल्यावर किती वेळात उतरतं, त्याचा रंग आणि वास कसा आहे, एवढं वहीत वेळेसकट लिहून ठेवा.

एकाच जागी दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहतं आणि दोन दिवस हलत नाही, असं असेल तर तो फक्त तिथल्या ढाळाचा प्रश्न आहे. पेव्हर खालचा मुरूम बसलाय, बहुतेक वेळा एखाद्या जुन्या चारीच्या रेषेत. पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांत पाणी चढतं आणि थांबल्यावर अर्ध्या तासात आपोआप निघून जातं, तर जाळी तुंबलेली आहे किंवा पाइपाला तेवढं पाणी ओढवत नाही. पाऊण-एक तास सगळं ठीक असतं, मग चेंबरमधून गुळगुळ आवाज येतो आणि जाळीतून गढूळ पाणी वर येतं, तर ते बाहेरच्या गटाराचं पाणी उलटं येतंय. पाण्याला मैल्याचा वास असेल तर कुणीतरी पावसाची जाळी सांडपाण्याच्या लाइनला जोडलेली आहे. आणि चार-पाच दिवस संततधार झाल्यावर, बाहेर पाऊस उघडलेला असतानाही भिंतीच्या सांध्यातून किंवा कोब्यातून स्वच्छ पाणी झिरपत असेल, तर ते जमिनीतलं पाणी आहे. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा बेसाल्ट. पाणी मुरमातून उतरतं, कठीण खडकाला अडतं आणि मग खडकाच्या अंगाने आडवं सरकत जातं. टेकडीखालच्या प्लॉटवर ते तुमच्या तळघरात उगवतं. त्यावर पेव्हर उचलून काही होत नाही, भिंतीच्या मागच्या अंगाला खडी भरलेली चारी आणि छिद्रांचा पाइप लागतो.

आमच्याकडे यांतली एकाहून जास्त कारणं एकत्र होती. म्हणूनच एकेक दुरुस्ती थोडीशी लागू पडायची आणि पुरी पडायची नाही.

कोणती जाळी कुठल्या चेंबरला मिळते याची खात्री नसेल तर गेरू वापरा. बादलीभर पाण्यात दोन मुठी गेरू कालवून जाळीत ओता, वरून दोन बादल्या साधं पाणी सोडा आणि चेंबरची झाकणं उघडून बघत राहा. लाल पाणी कुठे निघतं ते दिसतं. आमच्याकडे मागच्या बाजूची एक जाळी थेट सांडपाण्याच्या चेंबरला निघाली. तळमजल्यावरच्या काकू तीन वर्षं सांगत होत्या की जोराच्या पावसात बाथरूमच्या ट्रॅपमधून पाणी वर येतं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या घरी प्लंबर पाठवला जात होता. दोष त्यांच्या घरात नव्हताच. पावसाचं पाणी आणि सांडपाणी या दोन लाइनी कधीही एकत्र करू नका, एका पावसाळ्यापुरत्यासुद्धा नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चेंबरची मापं वरून काठीने घ्या. आत माणूस उतरवू नका, "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही. आतला वायू दिसत नाही, आणि दरवेळी वासही येतोच असं नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवून साफसफाई करून घेण्यावर बंदी आहे, आणि कायदा नसता तरी हेच लिहिलं असतं.

लेव्हल ट्यूब

ऑटो लेव्हल मशीन मिळालं तर उत्तम, नाही तर गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते. पंधरा-वीस मीटर लांब, पारदर्शक, बोटाएवढ्या जाडीची नळी. आत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीत उभं राहतं. पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्याने ओढा आणि नळी पूर्ण उलगडून बुडबुडा राहिला नाही ना ते डोळ्यांनी बघा. एक बुडबुडा सगळी मापं चुकवतो. जागा बदलताना दोन्ही तोंडांवर अंगठा, माप घेताना दोन्ही तोंडं मोकळी, आणि पाणी डोलायचं थांबेपर्यंत मिनिटभर थांबायचं.

लिफ्टसमोरची फरशी आम्ही शून्य धरली. कॉलमवर फरशीपासून एक मीटरवर पेन्सिलने रेघ मारली आणि सगळी मापं तिथून घेतली. खडूने जमिनीवर चाळीस ठिकाणी आकडे टाकले. रविवारची एक सकाळ गेली, आणि तीन वर्षांत जे कळलं नव्हतं ते एका पानावर आलं.

मधली जाळी उणे १२ सेंटिमीटर. फाटकाच्या आतली जमीन उणे ११. फाटकाबाहेरचा रस्ता उणे ५. म्हणजे रस्ता आमच्या पार्किंगपेक्षा सहा सेंटिमीटर उंच. सोसायटी झाली तेव्हा तो खाली होता, मग दर डांबरीकरणात जुना थर न खरवडता वर नवा थर पडत गेला. महापालिकेची पावसाळी लाइन ४५० मिमीची. तिचा तळ उणे ७०, माथा उणे २५. आमचा पाइप तिला उणे ६२ वर मिळतो, म्हणजे जवळजवळ तळाशीच. बाहेरच्या लाइनीत आठ सेंटिमीटर पाणी वाहायला लागलं की आमच्या पाइपाचं तोंड बुडायला सुरुवात. ती पूर्ण भरली आणि रस्त्यावरचं चेंबर रस्त्याच्या पातळीपर्यंत आलं, की पाण्याला आमची जाळी सात सेंटिमीटर खाली सापडते. ते वर येणारच.

आणि तो नवा १६० मिमीचा पाइप? त्याची सुरुवात उणे ४८, शेवट उणे ६२, लांबी ४२ मीटर. चौदा सेंटिमीटर उतार बेचाळीस मीटरमध्ये, म्हणजे तीनशेला एक. जुना ११० चा पाइप जवळच्या वाटेने २८ मीटर होता आणि त्याला शंभराला एक ढाळ होता. तो पाण्याच्या टँकरखाली दोनदा दबला, म्हणून नवा पाइप कडेकडेने लांबून नेला. पाइप मोठा झाला आणि ढाळ गेला.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब कुणालाही जमतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बस, एवढंच लक्षात ठेवायचं.

जागेप्रमाणे त्यातलं किती वाहून येतं ते वेगळं. गच्चीवरचं जवळजवळ सगळं येतं, मी दहातले नऊ धरतो. पेव्हरच्या फटी नव्या असताना बरंच पाणी पितात, पण दोन वर्षांत त्या मातीने बुजतात, म्हणून मी दहातले आठ धरतो. बागेतून एक चतुर्थांश.

आमची गच्ची ६०० चौरस मीटर, पेव्हर ९००, बाग ३००. म्हणजे ५४० अधिक ७२० अधिक ७५, एकूण १,३३५ चौरस मीटरवरचं पाणी पुरं वाहून येतं असं समजायचं. आता पाऊस किती धरायचा? मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती आणि ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारायच्या प्रकल्पात ती क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत न्यायचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तसल्या दिवसासाठी कुठलीच सोसायटी पाइप टाकू शकत नाही. पण हल्ली ढगफुटीसारख्या सरी अर्ध्या-पाऊण तासात येऊन जातात, म्हणून सोसायटीच्या आवारासाठी मी ताशी ६० मिमी धरतो. १,३३५ गुणिले ६०, म्हणजे तासाला सुमारे ८०,००० लिटर, सेकंदाला साधारण २२ लिटर.

पाइपाचं बघा. १६० मिमीचा पाइप शंभराला एक ढाळात, थोडा गाळ धरून, सेकंदाला पंधरा लिटर नेतो. तोच तीनशेला एक ढाळात नऊच लिटर नेतो. जुना ११० चा पाइप चांगल्या ढाळात साधारण सहा न्यायचा. म्हणजे एवढा खर्च करून, पार्किंग खणून, आम्ही सहावरून नऊवर आलो होतो आणि गरज बावीसची होती.

मग शंभराला एक ढाळ का दिला नाही? देताच येत नव्हता. ४२ मीटरला ४२ सेंटिमीटर लागतात. शेवट उणे ६२ वर बांधलेला, म्हणजे सुरुवात उणे २० ला हवी. पाइपाची जाडी धरली तर त्याचा माथा उणे ४ वर येतो, आणि जाळी आहे उणे १२ ला. पाइप जमिनीच्या वर निघाला असता. २०० किंवा २५० मिमीचा पाइप घेतला तरी अडचण तीच, उलट जाडी वाढल्याने जास्तच.

पार्किंगच्या निचऱ्यात उंची हेच भांडवल असतं. ते किती आहे हे न मोजता पाइप, जाळ्या आणि पेव्हर घेत राहिलं की पैसा जातो आणि पाणी राहतं.

आम्ही काय केलं

पहिलं काम गच्चीच्या पाण्याचं. आमचे पाचही डाउनटेक पाइप, म्हणजे गच्चीचं पाणी खाली आणणारे पाइप, पार्किंगच्या जमिनीवर मोकळे सोडलेले होते. म्हणजे जे पाणी सात मजले उंचावरून येतं, ते आम्ही उणे १२ च्या खड्ड्यात पाडून मग तिथून बाहेर काढायला धडपडत होतो. गच्चीच्या पाण्याकडे स्वतःची उंची असते, ती जमिनीवर सांडून वाया घालवू नका. डाउनटेक जमिनीच्या दीड-दोन फूट वरच पकडले, भिंतीच्या अंगाने एकत्र आणले, फिल्टरमधून बोअरवेलशेजारच्या रिचार्ज खड्ड्यात (पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यात) सोडले, आणि खड्डा भरल्यावर वरून जाणारं पाणी वेगळ्या पाइपाने महापालिकेच्या लाइनीला तिच्या माथ्याजवळ जोडलं. उंचीवरून येत असल्याने त्याला भरपूर ढाळ मिळाला. सेकंदाला नऊ लिटरचा भार पार्किंगवरून उतरला.

रिचार्जमध्ये फक्त गच्चीचंच पाणी सोडा, आणि तेही पहिल्या एक-दोन सरी बाहेर सोडून दिल्यावर. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीही नाही. त्यात इंजिन ऑइल असतं, ब्रेकची धूळ असते, गाड्या धुतल्याचा साबण असतो. एकदा ते खाली गेलं की परत काढता येत नाही, आणि त्याच पाण्यावर आपल्या आणि शेजारच्या सोसायट्या उन्हाळा काढतात. "एवीतेवी पाणी जिरवायचंच आहे ना" असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं तर ठामपणे नाही म्हणा.

दुसरं काम बागेचं, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान याचं आहे. आपल्याकडे बाग नेहमी कर्ब लावून, माती भरून, पेव्हरपेक्षा वीतभर उंच करतात. पावसात बागेची माती पेव्हरवर वाहून येते आणि जाळ्या तुंबतात. आम्ही उलटं केलं. तीनशेतल्या दोनशे चौरस मीटरवरची माती काढून बाग भोवतालच्या पेव्हरपेक्षा पंधरा सेंटिमीटर खाली नेली. झाडांच्या बुंध्याभोवतीची माती तशीच ठेवून आळी राखली, मुळं उघडी पडू दिली नाहीत. बागेकडच्या बाजूचे निम्मे पेव्हर उचलून त्यांचा ढाळ बागेकडे फिरवला आणि कर्बमध्ये दर दीड मीटरला वीटभर रुंदीची फट ठेवली. दोनशे चौरस मीटर गुणिले पंधरा सेंटिमीटर, म्हणजे ३०,००० लिटर पाणी तिथे काही वेळ उभं राहू शकतं. एवढ्या मापाची टाकी बांधायची तर किती खणावं लागलं असतं याचा विचार करा. आता पावसात तिथे पाऊल बुडेल एवढं तळं होतं आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत जिरतं किंवा तळाच्या छिद्रांच्या पाइपातून निघून जातं. बागेतल्या पाण्यात तेलाचा तवंग दिसला तर वरची माती बदलायची, एवढी काळजी घ्यावी लागते.

उरलेल्या निम्म्या पेव्हरचं पाणी सेकंदाला सहा लिटर. तेवढं तो तीनशेला एक ढाळाचा १६० चा पाइप आरामात नेतो. त्यामुळे नवा पाइप टाकावाच लागला नाही.

तिसरं काम उलट्या पाण्याचं. शेवटच्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाला फ्लॅप व्हॉल्व्ह बसवला. पाणी आतून बाहेर जाताना झडप उघडते, बाहेरून दाब आला की मिटते. पण फक्त फ्लॅप बसवून थांबू नका. झडप मिटलेली असताना आपलं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही, आणि पाऊस तर पडतच असतो. त्याला थांबायला जागा हवी. म्हणून मधल्या जाळीखालच्या नालीतून बागेकडे एक आडवा पाइप दिला. झडप बंद झाली की सगळ्या पेव्हरचं पाणी बागेत जातं. बागेवरचा पाऊस धरून सेकंदाला तेरा लिटरच्या हिशेबाने तीस हजार लिटरची जागा भरायला पाऊण तासाला थोडा कमी वेळ लागतो, आणि आमच्या रस्त्यावरचा पूर बहुतेक वेळा त्याआधी उतरतो. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनी संप (पाणी साठवायची जमिनीतली टाकी) आणि पंप ठेवावा. पंपाचा पाइप बाहेर नेताना आधी रस्त्याच्या पातळीच्या वर उचलून मग चेंबरमध्ये उतरवा, नाही तर पंप बंद होताच बाहेरचं पाणी त्याच पाइपातून आत येतं. तळघर असेल तर पंप दोन हवेत, फ्लोट स्विचसकट (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा), आणि जनरेटरवर जोडलेले. वीज जाते ती नेमकी त्याच रात्री.

फाटकाच्या उंबरठ्यावर आम्ही बारा सेंटिमीटरचा पसरट चढ केला. उभा गतिरोधक नको, गाडीचं पोट घासतं. दीड-दोन मीटर लांबीत हळू चढून हळू उतरणारा हवा. त्याच्या आतल्या बाजूला आडवी नाली आणि जाळी. ही जाळी पाण्याचा टँकर आणि अग्निशमनाचा बंब पेलेल अशीच घ्या. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं.

बारीक कामं, जी नेहमी चुकतात

नालीच्या तळाला स्वतःचा ढाळ हवा. वरून जाळी एका पातळीत सुंदर दिसते, खाली तळ सपाट किंवा उलटा असतो. जाळी बसवण्याआधी नालीत बादलीभर पाणी ओतून बघा. ते थांबलं तर मिस्त्रीला तिथेच दाखवा आणि त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

चेंबरचा तळ पाइपाच्या तळापेक्षा फूटभर खाली ठेवा म्हणजे गाळ तिथे बसतो. तळ पाइपाला बरोबर ठेवला की सगळा गाळ पाइपात जातो, आणि तीनशेला एक ढाळात तो तिथेच मुक्काम करतो.

पाइपाची चारी बुजवताना मुरूम वीत-वीत जाडीच्या थरांत टाका, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस चालवा. सगळा मुरूम एकदम लोटून वरून रोलर फिरवला की दिसायला घट्ट होतं आणि पहिल्या पावसात त्या रेषेत पन्हाळ पडते. आमची कोपऱ्यातली मूळ खोलगट जागा अशीच झाली होती. गाड्यांच्या वाटेवर ८० मिमीचा पेव्हर घ्या, ६० चा पायवाटेला ठीक आहे. पेव्हरचा ढाळ ऐंशीला एक असेल तर दहा मीटरला साडेबारा सेंटिमीटर जातात, तेवढी उंची हाताशी आहे का हे आधी बघा.

वरच्या शेजाऱ्यांचं पाणी कंपाउंडच्या भिंतीतल्या छिद्रांतून तुमच्याकडे येत असेल तर छिद्रं बुजवू नका. भिंतीमागे पाणी तुंबलं की ओल्या मातीचा सगळा रेटा भिंतीवर येतो. २९ जून २०१९ ला मुसळधार पावसात कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. भिंतीच्या पायथ्याशी नाली करून ते पाणी वाटेला लावा आणि शेजाऱ्यांशी बोला.

पाणी चढताना दिसलं तर सर्वांत आधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिची वीज बंद करा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं की खर्च मोठा, आणि धोका त्याहून मोठा. इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जिंग पॉइंट आता सगळीकडे बसतायत, ते कॉलमवर कमरेच्या वरच बसवून घ्या.

प्लॉट अजून मोकळा असेल तर

तुमचं बांधकाम अजून व्हायचं असेल किंवा पुनर्विकास चालू असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण उंची अजून तुमच्या हातात आहे. बहुतेक प्रकल्पांत पावसाळी लाइन सर्वांत शेवटी, ताबा द्यायच्या घाईत टाकली जाते. तेव्हा जोता झालेला असतो, पार्किंगचा कोबा झालेला असतो, आणि पाइपाला उरलेल्या उंचीत कसंबसं बसवलं जातं.

उलट्या दिशेने सुरुवात करा. समजा फाटकासमोरचा रस्ता १००.०० मीटर धरला आणि बाहेरच्या लाइनीला, तिच्या तळापासून बऱ्यापैकी वर, ९९.२० ला जोडायचं ठरलं. सर्वांत लांबची जाळी तिथून ४५ मीटरवर आहे. शंभराला एक ढाळाने ४५ सेंटिमीटर, म्हणजे लांबच्या टोकाला पाइपाचा तळ ९९.६५. त्यावर पाइपाची जाडी १६ सेंटिमीटर आणि गाड्यांचा भार पेलायला वर ४५ सेंटिमीटरचं आवरण. जमीन आली १००.२६. म्हणजे तिथलं पार्किंग रस्त्यापेक्षा किमान २६ सेंटिमीटर उंच असायलाच हवं. नकाशात १००.१० लिहिलं असेल तर आजच आर्किटेक्टला फोन करा. मी यात पुढच्या डांबरीकरणासाठी आणखी पंधरा सेंटिमीटर मिळवतो.

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही झाकलेलं पार्किंग भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच आणि नीट निचरा होणारं असावं, असं म्हटलेलं आहे. ताबा घेताना रंग आणि टाइल्स बघायला दहा माणसं येतात. त्यातल्या एकाने लेव्हल ट्यूब घेऊन खाली यावं आणि पावसाळी लाइनीचा नकाशा पातळ्यांसकट, लेखी मागून घ्यावा. आमच्याकडे तो नव्हता म्हणून गेरूच्या बादल्या ओताव्या लागल्या.

कामाचा महिना एप्रिल. मेमध्ये खणायला घेतलं तर वळवाचा पहिला पाऊस उघड्या चारीत पडतो. मोजमाप मात्र त्याआधीच्या पावसाळ्यात, पाऊस चालू असताना करून ठेवा.

आमच्याकडे हे काम होऊन दोन पावसाळे झाले. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना लिफ्टसमोरची फरशी कोरडी राहिली. बी विंगच्या तिसऱ्या कॉलमजवळ अजून एक सेंटिमीटरचं डबकं राहतं, ते दिवाळीनंतर घेणार आहोत. दर शनिवारी सकाळी वॉचमनकाका शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून लांब काठीने फ्लॅप वर उचलून सोडतात, तो टक् करून पूर्ण मिटला की वहीत तारखेपुढे खूण करतात. मागच्या जुलैत एका शनिवारी तो मिटला नाही. बिजागरीत नारळाची शेंडी अडकली होती. चिमट्याने काढली, आणि त्याच रात्री जोराचा पाऊस झाला.